रोबो, लोणार आणि कॉस्मिक हॉरर: २४ पानी विनोदी कॉमिकमध्ये भीती आणि हसू एकमेकांना मारतायत

प्रश्न: खिळोबा_कॉमिक

खोडदच्या जीएमआरटीवर (पुणे जिल्ह्यातली महाकाय रेडिओ दुर्बीण) डिशची देखभाल करणारा रोबो, नाव खिळोबा. त्याला एक नको तो सिग्नल सापडतो आणि तो एसटीने लोणारला निघतो (कंडक्टरशी वाद: फुल तिकीट की लगेज?). सरोवराच्या तळातून जे वर येतं ते माणसाच्या आकलनाबाहेरचं, म्हणजेच कॉस्मिक हॉरर. ए५ आकार, आत २४ पानं आणि कव्हर वेगळं, पूर्ण रंगीत, डिजिटलवर २०० प्रती, नंतर ऑनलाइनही टाकायचंय. पटकथा तयार आहे, ९ पानं कच्ची झाली आहेत. अडचणी:

१. राक्षस आला की विनोद मरतो, विनोद आला की राक्षस टेडी बेअर होतो.
२. फुग्यांमधलं मराठी फुटतंय. 'किती' लिहिलं की वेलांटी क च्या मागे पडते.
३. पान १४ ते १९ जवळजवळ काळीकुट्ट आहेत. छपाईत काय होईल?
४. कथुलू (अमेरिकी भयकथालेखक लव्हक्राफ्टचा राक्षस) हे नाव वापरलं तर चालेल का?

उत्तर: चौकटीबाहेर

पहिल्याबद्दल. विनोद फक्त एकाच बाजूला ठेवा. राक्षसाने कधीही विनोद करायचा नाही, घसरायचं नाही, शिंकायचं नाही. हसू येतं ते रोबो त्याच्याशी ज्या भाषेत बोलतो त्यातून. मराठीत यासाठी आयतं हत्यार आहे: कार्यालयीन मराठी. आभाळ फाटलंय, शुंडा (राक्षसाच्या सोंडेसारख्या भुजा) खाली येतायत आणि खिळोबा म्हणतोय, 'सदर प्राण्याने विहित नमुन्यात अर्ज केलेला दिसून येत नाही.' यात राक्षस लहान होत नाही, उलट त्याला अर्जाची पर्वा नाही हे कळून अंगावर काटा येतो.

याचा अभ्यासच करायचा तर 'अ‍ॅटॉमिक रोबो' या अमेरिकी कॉमिकचा २००९ मधला तिसरा भाग बघा. टेस्लाने बनवलेला रोबो, १९२६ साल, दारात लव्हक्राफ्ट आणि विचित्र घटनांची नोंद ठेवणारा चार्ल्स फोर्ट उभे. रोबो घाबरण्यापेक्षा वैतागलेला असतो, सगळी गंमत त्यात आहे. नक्कल करू नका, पण कुठल्या चौकटीत कोण गप्प आहे ते मोजा.

राक्षसाला फुगा देऊ नका. त्याला संस्कृतप्रचुर बोलायला लावलंत की तो पौराणिक मालिकेतला असुर होतो. लोणारला लोणासुर या राक्षसाची दंतकथा आहेच, त्यामुळे हा धोका तुम्हाला दुप्पट.

पानांचं गणित: पान १ उजवीकडे येतं, म्हणजे सम पानं डावीकडे, आणि पान उलटल्यावर नजर आधी सम पानावर पडते. राक्षसाचं प्रत्येक दर्शन सम पानावर ठेवा. आदल्या विषम पानाच्या शेवटच्या चौकटीत विनोद, पान उलटलं की दर्शन. वाचक हसत असताना पान उलटतो आणि तोंड उघडंच राहतं. जोडपानभर चित्र एकच द्या, १२-१३ वर. पिनबाइंडिंगमध्ये तेच मधलं, अखंड कागदावरचं जोडपान. बाकी कुठेही दोन अर्धुकं मिलिमीटरभर वरखाली बसू शकतात आणि शुंडा तुटलेली दिसते.

उत्तर: खगोलखोडी

जागेच्या बाबतीत दोन-तीन चुका होण्याआधीच सांगतो.

जीएमआरटीला ३० डिश, प्रत्येकी ४५ मीटर व्यासाची. १४ मधल्या चौकात, उरलेल्या १६ तीन भुजांवर इंग्रजी वाय आकारात. डिश भरीव नाही, स्टेनलेस स्टीलच्या बारीक तारांची जाळी आहे, आरपार दिसतं. भरीव पांढरी थाळी काढलीत तर ती छपरावरची टीव्हीची डिश वाटेल. आणि हे तुमच्या फायद्याचं आहे: डिशच्या जाळीतून तारे दिसतायत, पुढच्या चौकटीत त्याच जाळीतून तारे दिसत नाहीत. बस्स. राक्षस न काढता राक्षस आला.

प्रमाण: माणूस १६० सेंमी धरला तर डिश त्याच्या २८ पट. कागदावर डिश ५६ मिमी रुंद काढली तर माणूस २ मिमी. हे एकदा पान २-३ वर दाखवून ठेवा. मग पुढे शुंडेशेजारी डिश काढली की आकार वेगळा सांगावा लागत नाही.

दुसरं, रेडिओ दुर्बिणीला आसपासचं कुठलंही इलेक्ट्रॉनिक यंत्र म्हणजे गोंगाट. तुमचा रोबो हाच तिथला सर्वांत मोठा गोंगाट. निरीक्षण सुरू झालं की त्याला बंद करावं लागेल. सिग्नल येतो तेव्हा खिळोबा कायम झोपलेला, हा विनोद पूर्ण अंकभर पुरेल आणि कथेतलं 'आधी का नाही कळलं?' हे भोकही बुजेल.

लोणारचं विवर काठापासून काठापर्यंत सुमारे १.८ किमी, बेसाल्टमधलं. सरोवर मात्र उथळ, काही मीटरच. 'अथांग जळातून' वगैरे चालणार नाही, विवराच्या तळाच्या भग्न खडकातून वर आणा. पाणी खारं आणि अल्कधर्मी, पीएच १० च्या आसपास, म्हणजे खिळोबाच्या अ‍ॅल्युमिनियमच्या भागांचं काही खरं नाही. लोखंड तुलनेने टिकेल. जून २०२० मध्ये पाणी गुलाबी झालं होतं, क्षारप्रिय सूक्ष्मजीवांमुळे. तो रंग वापरा, पण एकाच पानावर.

आणि एक फुकटचा विनोद: विवराच्या वयावर एकमत नाही. एका पद्धतीने सुमारे ५० हजार वर्षं, आर्गॉनच्या मोजणीने सुमारे ५ लाख ७० हजार. खिळोबाच्या अर्जात 'जन्मतारीख' हा रकाना आहे का?

उत्तर: वेलांटी_उकार

२ नंबर. वेलांटी मागे पडते आणि 'प्र' चा 'प् र' होतो, याचा अर्थ सॉफ्टवेअर अक्षरं जोडत नाही, नुसती ओळीत मांडतं. फॉन्ट बदलून काही होणार नाही. फोटोशॉप असेल तर प्रेफरन्सेसमध्ये टाइप, तिथे 'वर्ल्ड-रेडी लेआउट' निवडा. नव्या आवृत्त्यांत हे वेगळं निवडावं लागत नाही. इनडिझाइनमध्ये पॅराग्राफ पॅनेलच्या मेन्यूतला 'वर्ल्ड-रेडी पॅराग्राफ कंपोझर'. फुकटात हवं तर इंकस्केप, तिथे काहीच करावं लागत नाही. चित्रं कुठेही काढा, अक्षरं इथे बसवा. जुने बिगर-युनिकोड फॉन्ट वापरू नका, ऑनलाइन टाकताना सगळा मजकूर इंग्रजी कचरा होतो.

ए५ ला ९ पॉइंट, ओळींचं अंतर १३ पॉइंट. इंग्रजी कॉमिकची सवय ११ ची असते, त्यात वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या मात्रेत घुसतो. फुगा रुंद ठेवा, मराठी शब्द लांब असतात आणि 'विचारल्याबद्दल' अर्ध्यात तोडला की वाचक अडखळतो. आपल्याकडे कॅपिटल अक्षरं नाहीत, त्यामुळे ओरडणं आकाराने आणि जाडीने दाखवा. अक्षरं तिरकी करू नका, सगळी शिरोरेषा घसरगुंडी होते.

राक्षसाला फुगा नसला तरी आवाज लागेल. त्याची अक्षरं शिरोरेषेशिवाय काढता येतात, दिसायला अस्वस्थ दिसतात. पण भ-म आणि ध-घ ओळखायला शिरोरेषेतल्या फटीची मदत होते, ती जाते. म्हणून हे दोन-तीन अक्षरी आवाजांपुरतंच. आवाजांत मराठी श्रीमंत आहे: रोबोला कोरडे (खट्, करकर, टण्ण), राक्षसाला ओले (पचक्, लिबलिब, बुळुक्). 'गिळगिळीत' हा शब्द एकाच वेळी किळसवाणा आणि हास्यास्पद आहे. तुमचं अख्खं कॉमिक त्या एका शब्दात आहे, जपून एकदाच वापरा.

विवरातला प्राचीन शिलालेख मोडीत काढायचा मोह होईल. मोडी युनिकोडमध्ये आहे, नोटो सॅन्स मोडी फॉन्ट मिळतो. पण गिचमिड करू नका, मोडी वाचणारे वाचतील. नीट वाक्य लिहा. 'जेवणाची सुट्टी' लिहिलंत तर ते आयुष्यभर तुमचे वाचक.

उत्तर: चार_रंग

काळी पानं. अक्षरं आणि फुग्यांच्या रेषा फक्त के १०० (छपाईच्या चार शाया: सी निळसर, एम गुलाबी, वाय पिवळी, के काळी; आकडे टक्के). आरजीबीमधला (स्क्रीनच्या रंगांतला) काळा तसाच पाठवला तर तो चार रंगांचा होतो, एखादा रंग केसभर सरकला की प्रत्येक अनुस्वाराला रंगीत सावली येते. आकाशाच्या काळ्यासाठी सी ६०, एम ४०, वाय ४०, के १००, बेरीज २४०. नुसता के १०० मोठ्या भागात राखाडी दिसतो, चारही १०० केले तर शाई सुकत नाही आणि समोरच्या पानाला लागते. डिजिटल टोनरवाल्याकडे मात्र आधी त्याचीच सेटिंग विचारा, काहींचं यंत्र काळा स्वतःच ठरवतं.

काळ्यावर पांढरी अक्षरं असतील तर १० पॉइंट आणि एक जाडी वर, नाहीतर मात्रा बुजतात. निळ्यातून काळ्यात जाणाऱ्या छटेत पट्टे दिसतात, २-३ टक्के नॉइज (बारीक ठिपके) टाका. ब्लीड (कापणीसाठी कडेबाहेर वाढवलेलं चित्र) चारही बाजूंनी ३ मिमी, फुगे कडेपासून निदान ८ मिमी आत. आत १३० जीएसएमचा कागद, कव्हर २५० चं आणि मॅट लॅमिनेशन. काळ्या कव्हरच्या घडीवर टोनर तडकून पांढरी रेघ येते, म्हणून घडी घालण्याआधी क्रीजिंग (घडीच्या जागी खाच दाबणं) करून घ्या. आणि २०० छापण्याआधी पान १६ ची एक प्रत त्याच कागदावर काढून ट्यूबलाइटखाली बघा. स्क्रीनवर दिसणारे मागचे तारे तिथे नसतील.

उत्तर: कलम_साठ

कथुलू चालेल. लव्हक्राफ्ट १९३७ मध्ये गेला, भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं, म्हणजे १९९७ अखेर हक्क संपले. कथुलूची कथा १९२८ ची, अमेरिकेतही १ जानेवारी २०२४ पासून मोकळी. पण त्या विश्वातलं सगळंच त्याचं नाही. कथुगा हा ऑगस्ट डर्लेथचा, डर्लेथ गेला १९७१ मध्ये, म्हणून भारतात २०३१ अखेरपर्यंत थांबा. कथुलूवरच्या गेममधली चित्रं आणि वर्णनं तर अजिबात उचलू नका. खरं सांगायचं तर नाव देऊच नका. अर्जात 'नाव' या रकान्यापुढे शाईचा डाग काढा.

खिळोबा_कॉमिक

जाळीतून तारे नाहीसे होण्याची चौकट पान ७ ला तळाशी घेतली, पान ८ उलटल्यावर दर्शन. इंकस्केपमध्ये 'किती' नीट आलं. जन्मतारखेच्या रकान्यात खिळोबा दोन्ही वयं लिहून पुढे 'कृपया शाळा सोडल्याचा दाखला जोडावा' असं म्हणतो.

चौकटीबाहेर

आणि त्या चौकटीत राक्षसाचा फक्त डोळा. पापणी लवू देऊ नका.