महाडीबीटीचा फॉर्म सेंड बॅक आलाय आणि कॉलेज म्हणतंय पूर्ण फी भरा, काय करू?

बार्शीकर_दादा

नमस्कार मंडळी, पहिल्यांदाच लिहितोय इथं, काही चुकलं तर सांभाळून घ्या. लहान भावाला कॅपच्या (सरकारी केंद्रीय प्रवेश प्रक्रियेच्या) दुसऱ्या राउंडला पुण्यात एका खासगी कॉलेजात कॉम्प्युटर लागलं. ओपनमधून. घरी वडिलांची तीन एकर कोरडवाहू, मी चाकणला एका कंपनीत आहे, बावीस हजार हातात येतात. आमच्या घरात इंजिनीअरिंगला जाणारा हा पहिलाच, त्यामुळं विचारायला कोणी नाही.

कॉलेजची फी 1 लाख 26 हजार. त्यात ट्यूशन 1 लाख 10, डेव्हलपमेंट 11 आणि बाकी किरकोळ 5. ॲडमिशनच्या वेळी 30 भरले होते, आता म्हणतात उरलेले 96 पण भरा, स्कॉलरशिप आली की परत देऊ. राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्तीचा फॉर्म महाडीबीटीवर, म्हणजे राज्य सरकारच्या शिष्यवृत्तीच्या पोर्टलवर, गावातल्या नेट कॅफेवाल्याकडून भरला होता, काल त्यालाच मेसेज आला की फॉर्म सेंड बॅक झालाय, उत्पन्नाचा दाखला व्हॅलिड नाही म्हणून. दाखला तर तलाठ्याकडनं सही शिक्का घेऊनच आणलाय, मग व्हॅलिड कसा नाही?? आणि मोबाईल नंबर ईमेल सगळं कॅफेवाल्याचंच टाकलंय हे मला काल कळलं, ओटीपी त्याच्याकडं जातो आणि तो दुपारी दुकान बंद करून झोपतो.

तर प्रश्न असे की पूर्ण फी मागता येते का, माझा पगार उत्पन्नात धरतात का, आणि ह्या फॉर्मचं आता काय करायचं. भाऊ म्हणतोय दादा राहू दे मी बीएस्सी करतो. ते मला नकोय.

---

शून्य_बॅलन्स

भावा स्पष्ट सांगतो, त्या पोर्टलच्या नादी लागू नको. माझं फर्स्ट इयरचं थर्ड इयरला आलं. सरळ लोन काढ आणि मोकळा हो, पोरगं कॉम्प्युटरला आहे फेडेल की.

---

निळी_वही

@शून्य_बॅलन्स उशिरा आलं म्हणून सोडून द्यायचं काय? उशिरा आलेले पैसे पण पैसेच असतात 😅 चार वर्षांचे दोन-सव्वादोन लाख होतात त्याचे.

दादा, बीएस्सीचं मनावर घेऊ नका, त्याला आत्ता टेन्शन आलंय एवढंच. तलाठ्याचा कागद म्हणजे उत्पन्नाचा दाखला नाही, तो फक्त अहवाल असतो. तो घेऊन सेतूत किंवा आपले सरकार केंद्रात अर्ज करायचा, मग तहसीलदारांच्या सहीचा दाखला येतो, त्यावर बारकोड असतो. आमच्या वर्गात निम्म्या पोरांनी हीच चूक केली होती, मी पण त्यातलीच. दाखल्यावर कधीपर्यंत चालेल ती तारीख असते, बहुतेक 31 मार्च, ती बघून घ्या नाहीतर जुनाच अपलोड कराल आणि परत सेंड बॅक.

---

स्कॉलरशिप_टेबल

मी एका कॉलेजात (नाव विचारू नका) स्कॉलरशिप सेक्शनला बसतो, अकरा वर्षं झाली, महाडीबीटी यायच्या आधी कागदी फॉर्मचे गठ्ठे घेऊन समाजकल्याणला जायचो ते पण दिवस बघितलेत. जरा सविस्तर लिहितो.

आधी फी. शाहू महाराज योजनेत ओपन आणि एसईबीसीच्या (मराठा आरक्षणातल्या) मुलांना ट्यूशन फीच्या निम्मे आणि परीक्षा फीच्या निम्मे मिळतात. ट्यूशनच्या. एकूण फीच्या नाही. हा घोटाळा दर वर्षी होतो, पालक एकूण आकड्याचा अर्धा काढून येतात आणि मग टेबलावर भांडण. म्हणजे तुमचा हिशोब असा: 1 लाख 10 चे निम्मे 55 शासनाकडून, उरलेले 55 अधिक डेव्हलपमेंट अधिक किरकोळ, म्हणजे 71 हजार तुम्ही. 30 भरलेत तर राहिले 41. जो मुलगा पात्र आहे त्याच्याकडून सवलतीची रक्कम आगाऊ घेऊ नये अशा शासनाच्या सूचना आहेत. तरी मागतात, कारण शासनाचे पैसे कॉलेजला वेळेवर येत नाहीत आणि प्राध्यापकांचे पगार तर दर महिन्याला करायचे असतात, मी कॉलेजची बाजू घेत नाहीये, आतून कसं चालतं ते सांगतोय. तुम्ही फोनवर भांडू नका. प्राचार्यांच्या नावे साधा अर्ज लिहा, मुलगा कॅपमधून आलाय, योजनेला पात्र आहे, फॉर्म भरलाय, सवलतीची रक्कम सोडून बाकी फी घ्यावी, आणि इनवर्डला देऊन एका प्रतीवर शिक्का घ्या. शिक्क्याची प्रत हातात असली की बोलण्याचा सूर बदलतो. कॉलेज बहुतेक हमीपत्र लिहून मागेल, स्कॉलरशिप नामंजूर झाली तर फरक भरू असं, ते द्यायला हरकत नाही. कोरा चेक मात्र देऊ नका.

पगाराचं म्हणाल तर 22 हजारांचे वर्षाला 2 लाख 64. मर्यादा 8 लाखांची आहे. धरला तरी आत, नाही धरला तरी आत. ह्या प्रश्नावर झोप घालवू नका.

आता फॉर्म. सेंड बॅक म्हणजे रिजेक्ट नव्हे, हे आधी भावाला सांगा. दुरुस्त करून परत सबमिट करायचा असतो. पण कॅफेवाला वैतागून सांगेल की नवीन प्रोफाइल काढू, ते अजिबात करू देऊ नका. एका मुलाची दोन प्रोफाइल झाली की दोन्ही लटकतात आणि मग मी पण काही करू शकत नाही. त्याच्याकडनं युजरनेम पासवर्ड वहीत लिहून घ्या, समोर बसून लॉगिन करा, मोबाईल आणि ईमेल भावाचा टाका, पासवर्ड बदला. फाइल 256 केबीच्या आत पाहिजे, त्यासाठी दाखला इतका लहान करतात की बारकोडच दिसत नाही, मग आम्ही परत पाठवतो. आम्हाला तरी काय हौस आहे का.

परत सबमिट झाल्यावर प्रिंट आणि कागदांचा सेट घेऊन कॉलेजच्या सेक्शनला स्वतः जायचं. ऑनलाइन आहे म्हणून घरी बसून राहतात पोरं. आमच्या लॉगिनमधून पुढं ढकलल्याशिवाय फॉर्म हलत नाही, मग प्राचार्य, मग विभागीय सहसंचालक कार्यालय.

---

बार्शीकर_दादा

@स्कॉलरशिप_टेबल सर खूप आभार, असं कोणी सांगितलंच नव्हतं. अजून एक, घरी कुटुंब घोषणापत्र वगैरे मागितलंय, दोनच अपत्यांना मिळते असं ऐकलं. आम्ही तिघं आहोत, मी आयटीआय केलं तेव्हा काही घेतलं नव्हतं. बहीण बारावीला आहे, सायन्स.

---

स्कॉलरशिप_टेबल

तुम्ही लाभ घेतलेला नाही तसं घोषणापत्रात खरं तेच लिहा आणि भावाचा फॉर्म पुढं जाऊ द्या. बहिणीसाठी आत्तापासून तयारी ठेवा. 2024-25 पासून व्यावसायिक कोर्सला कॅपमधून येणाऱ्या मुलींना ईडब्ल्यूएस (आर्थिक दुर्बल घटक), एसईबीसी, ओबीसी असेल आणि उत्पन्न 8 लाखांच्या आत असेल तर ट्यूशन आणि परीक्षा फी पूर्ण माफ आहे. निम्मी नाही, पूर्ण. तुम्ही ओपन म्हणताय तर तिचा ईडब्ल्यूएसचा दाखला सीईटीच्या आधीच काढून ठेवा, जून-जुलैत तहसीलला पाय ठेवायला जागा नसते.

आणि कॅपचा ऑप्शन फॉर्म (कॉलेज-ब्रँचचा पसंतीक्रम) भरताना टीएफडब्ल्यूएस बघा. प्रत्येक ब्रँचला 5 टक्के जास्तीच्या जागा असतात, चॉइस कोडच्या शेवटी टी असतो, ट्यूशन फी पूर्ण माफ, तिथं पण उत्पन्न 8 लाखांच्या आत. मेरिट वर जातं त्याचं, पण कोड टाकायला काय जातंय. तुमच्या भावाच्या वेळी कुणी सांगितलं नसणार.

---

आई_दोघांची

कॅपवरून आठवलं म्हणून लिहिते, वाचणाऱ्या बाकीच्यांच्या कामाला येईल. आमच्या मोठ्याला तिसऱ्या राउंडला जे लागलं ते आवडलं नाही म्हणून सोडलं आणि नंतर त्याच शहरात इन्स्टिट्यूट लेव्हलला (कॉलेज स्वतः भरतं त्या जागेवर) हवी ती ब्रँच घेतली, एजंट म्हणाला मॅडम स्कॉलरशिप सगळीकडे सारखीच. पावती फाडल्यावर कळलं की कॅपमधून नसेल तर शाहू महाराज मिळत नाही. चार वर्षं पूर्ण फी भरली, माझ्या पाटल्या मोडल्या त्यात. एजंटचा फोन नंतर लागलाच नाही. तुमचा भाऊ कॅपमधून आहे ना, मग तुम्ही खरंच नशीबवान आहात दादा, बाकी सगळं दुरुस्त होतं.

---

गावठी_इंजिनीअर

बँकेचं कोणीच बोललं नाही अजून. माझा फॉर्म सगळीकडं अप्रूव्ह होता आणि पैसे आलेच नाहीत म्हणून मी आठ महिने पोर्टलला शिव्या दिल्या. पैसे आले होते! दुसऱ्याच खात्यात. झालं असं की सिमकार्ड घेताना त्या पोरानं आधार घेऊन अंगठा लावला आणि मला न सांगता एका पेमेंट बँकेचं खातं उघडलं, त्याला आधार सीड झालं, आणि डीबीटीचे (सरकारकडून थेट खात्यात येणारे) पैसे जातात ते आधारला शेवटी जी बँक सीड झाली असेल तिथं. पासबुकची झेरॉक्स तुम्ही कुठलीही लावा.

आणि बँकेत विचारलं तर म्हणतात आधार लिंक आहे. लिंक वेगळं आणि सीडिंग वेगळं. केवायसीला आधार दिलं म्हणजे लिंक. डीबीटीसाठी एनपीसीआयला (बँकांचे व्यवहार जोडणारी संस्था) मॅप करायचा वेगळा फॉर्म असतो शाखेत, तो भरायचा आणि भावाच्या नावानं आधारच्या साइटवर बँक सीडिंग स्टेटस उघडून बघायचं कुठली बँक दिसतीय. लाडकी बहीणच्या वेळी आमच्या गावात बायकांची हीच पळापळ झाली होती, निम्म्या जणींनी शेवटी पोस्टात खातं काढलं.

---

निळी_वही

हो सीडिंगचं खरंय. माझं प्रकरण अजून वेगळं, मी एससी, भारत सरकार पोस्ट मॅट्रिक घेते (त्याला उत्पन्न अडीच लाखांच्या आत लागतं). त्यात केंद्राचा 60 टक्के वाटा थेट आमच्या खात्यात येतो, कॉलेजच्या फीसकट, आणि सात दिवसांत कॉलेजचा हिस्सा कॉलेजला भरायचा असतो. हे आम्हाला कुणी सांगितलंच नाही. खात्यात एकदम एवढे पैसे बघून पप्पा म्हणाले पोरीनं नाव काढलं, आणि त्यातनं बोअर मारला. पाणी पण लागलं नाही. परीक्षेच्या तोंडावर कॉलेजनं हॉल तिकीट अडवलं तेव्हा मामाकडनं उसने आणून भरले. पप्पा अजून त्या बोअरकडं बघत नाहीत.

---

शून्य_बॅलन्स

बरं बरं माघार घेतो 🙏 पण 41 हजार तरी आज कुठून आणणार तो? म्हणून लोन म्हणत होतो. विद्यालक्ष्मीवरून (शैक्षणिक कर्जाचं सरकारी पोर्टल) अर्ज करता येतो, 4 लाखांपर्यंत बँक तारण मागत नाही. आणि घरचं उत्पन्न साडेचार लाखांच्या आत असेल आणि कोर्सला एनबीए किंवा कॉलेजला नॅक मानांकन असेल तर शिकत असतानाचं व्याज केंद्र सरकार भरतं. फक्त निम्म्या रकमेसाठी काढायचं, पूर्ण नाही, आता मान्य.

---

स्कॉलरशिप_टेबल

@शून्य_बॅलन्स आता बरोबर बोललात.

@बार्शीकर_दादा एक राहिलंच. तीन एकर म्हणजे सव्वा हेक्टरच्या आत, तुम्ही अल्पभूधारकात बसता. भाऊ हॉस्टेलला किंवा रूम करून राहत असेल तर डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता योजना पण भरा, शाहू महाराज घेणाऱ्यालाच ती मिळते, त्याच पोर्टलवर. अल्पभूधारकाचा दाखला तहसीलदारांचाच, म्हणजे उत्पन्नाच्या दाखल्याला जाल तेव्हाच दोन्ही अर्ज टाका, गावाकडं दोन खेपा कशाला. बाहेर रूम असेल तर भाडेकरार नोटरी करून लागेल. ही भरायची राहते कारण कुणाला माहीतच नसते, आमच्या कॉलेजात दोनशे पोरं पात्र असतील तर तीस-चाळीस फॉर्म येतात.

एनएसपीवर (केंद्राच्या शिष्यवृत्ती पोर्टलवर) केंद्राची 12 हजारांची मेरिटवाली आहे, ती मोहात पडून भरू नका, राज्याची फी सवलत घेणाऱ्याला ती चालत नाही. 55 सोडून 12 कोण घेतं.

पुढच्या वर्षी रिन्यूअल विसरू नका, आपोआप होत नाही. आणि हजेरी 50 टक्क्यांच्या खाली गेली की मी पण वाचवू शकत नाही.

---

बार्शीकर_दादा

अपडेट देतो. शुक्रवारी सुट्टी टाकून गावाकडं गेलो, दोन्ही अर्ज सेतूत टाकले, उत्पन्नाचा दाखला मंगळवारी मिळाला, अल्पभूधारकाचा अजून यायचाय. कॅफेवाल्याला चहा पाजून पासवर्ड काढला, त्याच्या वहीत अजून साठ-सत्तर पोरांचे युजरनेम होते, सगळ्यांना त्याचाच नंबर!! फॉर्म परत सबमिट केला. कॉलेजात अर्ज दिला तर आधी घ्यायलाच तयार नव्हते, म्हटलं घेत नाही असं लिहून द्या, मग घेतला आणि शिक्का पण दिला. 41 भरले, पंचवीस माझे आणि सोळा मित्राकडून. हमीपत्र दिलं.

सीडिंग बघितलं. भावाचं खातं जिल्हा बँकेत आहे आणि स्टेटसला भलत्याच बँकेचं नाव दिसतंय, जिचं नाव आम्ही आयुष्यात ऐकलं नाही. @गावठी_इंजिनीअर आता ते बदलायला त्या बँकेत जायचं का आमच्या?

---

गावठी_इंजिनीअर

तुमच्याच शाखेत. आधारची झेरॉक्स आणि सीडिंगचा फॉर्म, भावाला सोबत न्या, सही त्याची लागते. आठवड्याभरानं परत स्टेटस बघा आणि तुमच्या बँकेचं नाव दिसलं की स्क्रीनशॉट काढून ठेवा.