जर्मनीत मुलांना इंटरनॅशनल शाळेत घालायची खरंच गरज आहे का? (स्टुटगार्ट परिसर)

चाकण_ते_स्टुटगार्ट

पुण्याहून इकडे स्टुटगार्ट, ब्योब्लिंगेन, सिंडेलफिंगेन भागात बदलीवर येणाऱ्यांचं घर, विमा, बँक सगळं मार्गी लागतं पण शाळेवर गाडं अडतं. आणि बरेचजण तर व्हिसा हातात यायच्या आधीच ठरवून मोकळे होतात की मुलांना इंटरनॅशनल शाळेतच घालायचं, कारण काय तर इंग्लिश. मला हे अजिबात पटत नाही म्हणून धागा काढतोय.

माझं मत सरळ आहे. मूल नऊ-दहा वर्षांच्या आतलं असेल आणि इथे चार-पाच वर्षं राहायची थोडी जरी शक्यता असेल तर घराजवळच्या सरकारी ग्रुंडशूलेत, म्हणजे पहिली ते चौथीच्या शाळेत घाला. फी शून्य. इंटरनॅशनल डे स्कूलची फी इयत्तेप्रमाणे वर्षाला वीस हजार युरोच्या आगेमागे जाते, वर प्रवेश फी, बस, जेवण वेगळं. दोन मुलं असली तर घरातला एक पगार त्यातच संपला समजा. टॅक्समध्ये शाळेच्या फीचे ३०% दाखवता येतात खरे, पण एका मुलामागे वर्षाला जास्तीत जास्त ५००० युरो, आणि तेवढे उत्पन्नातून वजा होतात, तेवढे पैसे परत मिळतात असं नाही. बरेच लोक तसं समजून बजेट करतात.

पैसा बाजूला ठेवू. आमच्या बिल्डिंगमध्ये एक आठ वर्षांचा मुलगा आहे, सकाळी सातला बस घेऊन जाते ती साडेचारला आणून सोडते. तोवर खालची पोरं दप्तरं टाकून फुटबॉल खेळायला लागलेली असतात आणि हा बाल्कनीतून बघत असतो, कारण त्यातल्या एकाचंही नाव त्याला माहीत नाही. मित्र आहेत त्याला, पण एक लुडविग्सबुर्गला, एक लेओनबेर्गला, भेटायचं म्हटलं की दोन्हीकडच्या आयांनी आधी तारखा जुळवायच्या. जो अगदी जिवलग होता तो वडिलांची पोस्टिंग संपली म्हणून कोरियाला परत गेला. पोरगं गोड आहे, हुशार आहे, आणि खालच्या बेकरीत एक ब्रेत्सेल मागायला सांगितलं तर आईच्या मागे लपतं. मला फार वाईट वाटतं बघून.

अनुजाके

असहमत. आणि जरा रागानेच लिहितेय, कारण असल्या ठाम सल्ल्यावर विसंबून आम्ही मुलाला सरकारी शाळेत घातलं होतं.

आमचा मुलगा सातवीच्या वयाचा होता. जर्मनचं एक अक्षर येत नव्हतं म्हणून त्याला फाउकाएलमध्ये टाकलं, म्हणजे नवीन आलेल्या मुलांचा जर्मन शिकायचा तयारीचा वर्ग. तो वर्ग जवळच्या वेर्करेआलशूलेत, म्हणजे खालच्या पायरीच्या माध्यमिक शाळेत होता, युनिव्हर्सिटीकडे नेणाऱ्या गिम्नाझियुममध्ये जागाच नव्हती. बाई चांगल्या होत्या, मनापासून शिकवायच्या, पण एका वर्गात युक्रेनची, सीरियाची, रोमानियाची वेगवेगळ्या वयाची मुलं आणि गणित कुणाला किती येतं हे बघणार कोण? हा पुण्यात समीकरणं सोडवत होता आणि इथे त्याच्यापुढे दोन अंकी वजाबाकीचा कागद यायचा. कागदाच्या मागच्या बाजूला तो स्वतःच स्वतःला अवघड गणितं घालून सोडवायचा. ते कागद अजून आहेत माझ्याकडे. घरी आला की बोलायचा नाही, आधी आम्हाला वाटलं वयामुळे असेल. शेवटी खर्चाचा विचार बाजूला ठेवून इंटरनॅशनल शाळेत घातलं तेव्हा पोरगं परत हात वर करून उत्तरं द्यायला लागलं.

तेव्हा सरसकट "सरकारी शाळेत घाला" म्हणू नका प्लीज. त्याचं जे वर्ष गेलं ते कोण भरून देणार?

चाकण_ते_स्टुटगार्ट

अनुजाताई, मी दहा वर्षांच्या आतल्या मुलांचं लिहिलंय, पुन्हा वाचा. तुमच्या मुलाला जो त्रास झाला तो खराच आहे, त्यावर वादच नाही. पण एक सांगतो, फाउकाएलमधलं मूल हळूहळू रेग्युलर वर्गात नेतात, खेळ, चित्रकला, गणित अशा विषयांपासून सुरुवात करतात. गणितासाठी लगेच रेग्युलर वर्गात बसवा असं पालकांनी मागितलं पाहिजे, लेखी मागितलं पाहिजे. आपण भारतातल्या सवयीने शाळेला काही बोलत नाही, बाई म्हणतील ते खरं.

आणि वेर्करेआलशूलेत किंवा मधल्या पायरीच्या रेआलशूलेत गेलं म्हणजे मुलाचं इंजिनिअरिंग बुडालं ही भीतीही काढून टाका. दहावीनंतर चांगले मार्क असतील तर बेरुफ्लिशेस गिम्नाझियुम आहे, तीन वर्षांचं, त्यात टेक्निकल शाखा असते, आणि शेवटी आबिटूरच मिळतं, म्हणजे युनिव्हर्सिटीत प्रवेश देणारं प्रमाणपत्र. माझ्या ऑफिसमधले किती जर्मन इंजिनिअर या रस्त्याने आलेत.

परत_पुण्याला

दोघंही इथेच राहणार असं धरून भांडताय. माझं दोन वर्षांचं असाइनमेंट आहे, त्यानंतर परत. अशांचं काय?

आम्ही इंटरनॅशनल घेतली आणि कारण एकच, मुलगी परत पुण्यात गेल्यावर सायन्स-मॅथ्स इंग्लिशमध्ये लिहायचंय. दोन वर्षं जर्मनमधून शिकली असती तर तिला फोटोसिंथेसिस कळलं असतं पण पेपरात लिहिता आलं नसतं. आणि मराठीही सोडून चालत नाही, २०२० च्या कायद्यानं महाराष्ट्रातल्या सगळ्या बोर्डांच्या शाळांत पहिली ते दहावी मराठी सक्तीची आहे, त्यामुळे रविवारी मंडळाच्या मराठी वर्गाला पाठवतोच.

मेडिकलचं ज्यांच्या डोक्यात आहे त्यांनी तर फारच सांभाळून. महाराष्ट्राच्या ८५% राज्य कोट्यासाठी डोमिसाइल तर लागतंच, शिवाय दहावी आणि बारावी दोन्ही महाराष्ट्रातून झालेली लागते, बदलीवरच्या सरकारी नोकरांची मुलं वगैरे काही अपवाद सोडले तर. म्हणजे मुलीने दहावी इथे केली, मग ती जर्मन शाळेत असो की इंटरनॅशनल, की तो दरवाजा बंद. हे मला इथे आल्यावर कळलं नसतं तर काय झालं असतं विचार करवत नाही. आठवीपर्यंत परत जायचं हे आमचं पक्कं आहे.

रानजाई

इंटरनॅशनल शाळेच्या बाजूने बोलणाऱ्यांनी आणि विरोधात बोलणाऱ्यांनीही एक गोष्ट लिहिली नाहीये म्हणून लिहिते. माझी मोठी मुलगी आयबी डिप्लोमा करतेय, म्हणजे इंटरनॅशनल शाळेतली अकरावी-बारावी.

सगळ्यांना वाटतं आयबी आहे म्हणजे जगात कुठेही चालेल. भारतात बारावीला समकक्ष धरतात, ते ठीक. पण जर्मन युनिव्हर्सिटीत आयबी चालायला विषयांचं कॉम्बिनेशन त्यांच्या नियमात बसावं लागतं. गणितात दोन कोर्स आहेत, अ‍ॅनालिसिस आणि अ‍ॅप्लिकेशन्स, आणि अ‍ॅप्लिकेशन्स जर स्टँडर्ड लेव्हलला घेतलं तर इथे ते धरतच नाहीत. गणित किंवा एखादं सायन्स हायर लेव्हलला लागतं. भाषांचेही नियम आहेत, शिवाय जर्मन माध्यमाच्या कोर्सला जर्मन येतं हे दाखवावं लागतंच. आता दहावीत तो विषय निवडायचा फॉर्म घरी येतो ना, त्यावर हे काही लिहिलेलं नसतं, मुलं मैत्रिणींनी काय घेतलं ते बघून टिक करतात. शाळेतल्या काउन्सेलरना अमेरिका, इंग्लंड, नेदरलंड्स तोंडपाठ आणि जर्मनीचं विचारलं तर म्हणाले वेबसाइट बघा. जर्मनीतली शाळा! तेव्हा शाळा बघायला जाल तेव्हा स्विमिंग पूल आणि थिएटर बघून भुलू नका, मागच्या बॅचची मुलं जर्मन युनिव्हर्सिटीत किती गेली आणि जर्मन विषय कुठल्या लेव्हलपर्यंत नेता हे तोंडावर विचारा. डिप्लोमाची परवानगी मिळालेली आहे की शाळा अजून कँडिडेटच आहे हेही विचारा, नवीन शाळांच्या बाबतीत तर नक्कीच.

अजून एक. बाडेन-व्युर्टेम्बेर्गमध्ये, म्हणजे स्टुटगार्टच्या या राज्यात, युरोपियन युनियनच्या बाहेरच्या विद्यार्थ्यांना २०१७ पासून सेमिस्टरला १५०० युरो फी आहे. इथलं आबिटूर केलेल्या मुलांना ती माफ आहे. आयबीवाल्यांनी आपला इथे राहण्याचा परवाना कुठल्या प्रकारचा आहे त्यावरून तपासून घ्या, गृहीत धरू नका.

खडूफळा

मी इथे शाळेत शिकवते, सरकारी. चाकणवाले दादा, तुमचा मुद्दा मला पटतो, पण तुम्ही सरकारी शाळेचं चित्र जरा जास्तच सोपं करून मांडलंय.

पहिली गोष्ट, चौथीत वाटा वेगळ्या होतात. दहा वर्षांच्या मुलाचं गिम्नाझियुम की रेआलशूले हे ठरतं. मध्ये काही वर्षं इथल्या राज्यात पालकांचं मत शेवटचं होतं, आता पुन्हा कडक झालंय, पालकांची इच्छा, शिक्षकांची शिफारस आणि कोम्पास ४ ही जर्मन-गणिताची चाचणी, या तिन्हीतल्या दोन जुळल्या तर गिम्नाझियुम, नाहीतर वेगळी परीक्षा द्यायची. तिसरीत आलेल्या मुलाला दीड वर्षात जर्मन निबंध लिहायचा असतो. होतं, मी होताना बघितलंय, पण त्यासाठी घरात कुणीतरी रोज बसावं लागतं आणि बसणाऱ्याला जर्मन यावं लागतं. एल्टर्नआबेंडला, म्हणजे पालकसभेला, भारतीय पालक येतात, मागच्या बाकावर बसतात, एक शब्द कळत नाही आणि विचारायला लाजतात. माझी कळकळीची विनंती, लाजू नका, मीटिंग संपल्यावर थांबा, आम्ही इंग्लिशमध्ये सांगतो.

दुसरी गोष्ट वेळेची. बऱ्याच ग्रुंडशूले दुपारी बारा-एकला सुटतात. होर्टमध्ये किंवा केर्नत्साइटमध्ये, म्हणजे शाळेच्या वेळेबाहेर मुलं सांभाळण्याच्या सोयीत, जागा नसेल तर आईची नोकरी गेली, आणि दर वेळी आईचीच जाते हे आपण सगळे बघतोय. ऑगस्ट २०२६ पासून पहिलीच्या मुलांना दिवसभराच्या सोयीचा कायद्याने हक्क मिळतोय, मग दर वर्षी एकेक इयत्ता वाढत चौथीपर्यंत जाईल. तोवर इंटरनॅशनल शाळेची साडेतीन-चारची वेळ ही काही घरांसाठी चैन नाही, गरज आहे.

दुबईकर_सुहास

इकडे दुबईत असा वादच होत नाही, आपल्या मुलांना प्रायव्हेट शाळाच, त्यात सीबीएसई, ब्रिटिश, आयबी असं निवडायचं. सीबीएसई घेतली की परतीचा प्रश्न बराचसा मिटतो. तुमच्याकडे जवळपास तशी भारतीय बोर्डाची शाळा नसेल तर कठीणच आहे.

चाकण_ते_स्टुटगार्ट

खडूफळा ताई, चौथीचा मुद्दा बरोबर आहे, म्हणूनच मी म्हणतो जितक्या लवकर तितकं बरं. बालवाडीपासून किंडरगार्टनला घातलेलं मूल चौथीपर्यंत इथल्या मुलांसारखंच बोलतं, आमच्या मुलीची श्वेबिश, म्हणजे इथली बोली, तर मला कळत नाही. आईच्या नोकरीचा मुद्दा मात्र मी सहज सोडून देणार नाही, त्याला उत्तर वीस हजार युरोची शाळा हे नाही, वडिलांनी पार्ट टाइम घेणं हेही आहे. इथे कायद्याने मागता येतं. आपल्यातले किती बाबा मागतात?

शिवाय मधला रस्ताही आहे, मोंटेसरी, वाल्डोर्फसारख्या खासगी जर्मन शाळा, फी बरीच कमी आणि बऱ्याच ठिकाणी उत्पन्नाप्रमाणे. वाल्डोर्फ तर सुरूच इथे झाली, १९१९ मध्ये, सिगारेट कारखान्यातल्या कामगारांच्या मुलांसाठी.

येणार_आहोत

नमस्कार, सगळं वाचून जास्तच गोंधळलेय. मुलगी दहा वर्षांची, पाचवीत, मुलगा चार वर्षांचा. मिस्टरांचं कॉन्ट्रॅक्ट दोन वर्षांचं आहे, पुढे वाढू शकतं असं मॅनेजर म्हणतात. कंपनी पहिली दोन वर्षं फी देणार. काय करू?

अनुजाके

मुलाला डोळे मिटून जर्मन किंडरगार्टन, त्यात माझंही दुमत नाही. जागेसाठी आत्ताच नाव नोंदवा, आल्यावर नाही.

मुलीला इंटरनॅशनल. पण पहिल्या दिवसापासून बाहेरून जर्मनचा क्लास लावा आणि एखाद्या फेरआइनमध्ये, म्हणजे स्थानिक क्लबमध्ये घाला, पोहणं, हँडबॉल, काहीही, जिथे फक्त जर्मन मुलं असतील. शाळेतल्या आठवड्याच्या काही तासांच्या जर्मनवर राहू नका. आणि कंपनी फी देते म्हणजे नेट की ग्रॉस ते एचआरला विचारा, कंपनीने भरलेली फी साधारण तुमच्याच पगारात धरतात आणि त्यावर टॅक्स बसतो. पहिल्या पगाराच्या स्लिपला धक्का बसायला नको.

चाकण_ते_स्टुटगार्ट

इथेच तर गोची आहे. दोन वर्षांनी कॉन्ट्रॅक्ट वाढलं आणि फी बंद झाली की काय कराल? तेव्हा मुलगी बारा वर्षांची, जर्मन अर्धवट, आणि मग तिला फाउकाएलमध्ये टाकायची वेळ येणार, म्हणजे अनुजाताईंच्या मुलाचं झालं तेच. आत्ता दहाव्या वर्षी गेमाइनशाफ्ट्सशूलेत घातलीत तर तिथे चौथीनंतर लगेच वाटा वेगळ्या करत नाहीत, सगळ्या लेव्हलची मुलं एकत्र असतात, तिला श्वास घ्यायला वेळ मिळेल.

परत_पुण्याला

आणि कॉन्ट्रॅक्ट नाहीच वाढलं तर? मुलगी जर्मनमध्ये दोन वर्षं काढून पुण्यात सातवीत जाऊन बसणार. मॅनेजरच्या "वाढू शकतं" वर मुलीची शाळा ठरवू नका ताई.

अनुजाके

तेच म्हणतेय मी. वाढलं तर तिसऱ्या आणि चौथ्या वर्षाची फी कोण भरणार हे सही करायच्या आधी ऑफर लेटरमध्ये लिहून घ्या. नाही म्हणाले तर मग चाकणवाल्यांचं ऐका, गेमाइनशाफ्ट्सशूले बघा, आणि घर भाड्याने घ्यायच्या आधी शूलआम्टला, म्हणजे शिक्षण कार्यालयाला, मेल करून त्या भागात फाउकाएलची जागा कुठल्या शाळेत आहे ते विचारा. आम्ही घर आधी घेतलं होतं म्हणून पर्यायच उरला नव्हता.