मदत हवी आहे: नॅनोकणांवर प्रथिनांचं कवच बसल्यावर फॉलिक आम्ल काम करतं का?

नमस्कार मंडळी,

मी कोल्हापुरात एम.एस्सी. करतेय. प्रकल्पासाठी साधारण २० नॅनोमीटरचे सोन्याचे कण सायट्रेट पद्धतीने बनवलेत आणि त्यांतल्या काहींवर फॉलिक आम्ल बसवलंय. कॅन्सरच्या बऱ्याच पेशींवर फोलेटचे रिसेप्टर (म्हणजे फॉलिक आम्ल पकडणारी प्रथिनं) जास्त असतात, म्हणून कण तिकडे ओढले जावेत हा हेतू.

साध्या कणांत सलाइन घातलं की कोकम सरबतासारखा लाल रंग बघता बघता जांभळट-निळा होतो, म्हणजे कण एकमेकांना चिकटतात. पण आधी प्लाझ्मा (रक्तातला पेशी वगळून उरलेला द्रव) घालून मग सलाइन घातलं, तर लाल रंग टिकतो. प्रथिनं कणांभोवती बसलीत हे डोळ्यांनी दिसतं. धास्ती इथेच वाटते: पेशीची गाठ माझ्या फॉलिक आम्लाशी पडणार की या कवचाशी?

रक्तात अल्ब्युमिन हे एकच प्रथिन लिटरमागे ३५ ते ५० ग्रॅम असतं, त्यामुळे ते आधी येऊन बसतं. मग प्रमाणाने कमी पण जास्त घट्ट धरणारी प्रथिनं त्याला हटवतात. इम्युनोग्लोब्युलिन किंवा कॉम्प्लिमेंट ही प्रतिकारशक्तीची प्रथिनं बसली तर यकृतातल्या कुप्फर पेशी आणि प्लीहा कण उचलून घेतात. ट्रान्सफेरिन (रक्तात लोह वाहणारं प्रथिन) लावलेल्या सिलिका कणांची लक्ष्य ओळखण्याची क्षमता या कवचाखाली हरवते, हे २०१३ मध्येच दाखवलं गेलंय. उलट, २०१८ साली मंजूर झालेल्या पॅटिसिरान या औषधात रक्तातलं अपोलिपोप्रोटीन ई हे प्रथिन औषध वाहणाऱ्या मेदकणांवर बसतं आणि तेच त्यांना यकृताच्या पेशींत नेतं. म्हणजे कवच दरवेळी वैरीच असतं असं नाही, आणि मला यातलंच सगळ्यात जास्त समजून घ्यायचंय.

सर म्हणतात, पेग (पॉलिएथिलीन ग्लायकॉल, लांब साखळीचा पॉलिमर) लाव. त्याने प्रथिनं कमी चिकटतील हे खरं, पण फॉलिक आम्ल पेगच्या लांब साखळीच्या टोकाला जोडलं तर ते कवचाबाहेर राहील का? कुणी करून पाहिलंय का?

दुसरं, चाचणीला सीरम घ्यावं की प्लाझ्मा? सीरम म्हणजे रक्त गोठल्यावर उरणारा द्रव, त्यात रक्त गोठवणारं फायब्रिनोजेन नसतं, त्यामुळे मला प्लाझ्माच योग्य वाटतो. पण रक्त गोठू नये म्हणून रक्तपेढीच्या पिशवीत घातलेल्या सायट्रेटने कवच बदलत असेल का?

आणि सैल चिकटलेली प्रथिनं धुऊन काढताना सेंट्रिफ्यूजमध्ये कणांचा गोळा होतो, तो पुन्हा सुटत नाही. वेग, वेळ, बफर काय ठेवता ते कृपया सविस्तर लिहा. कोल्हापूर-सांगलीकडे कुणी हे काम करत असेल तर मी येऊन शिकायला तयार आहे.