अलेक्झांडरचं नाव असलेलं चांदीचं नाणं, पण अलेक्झांडरच्या काळातलं नाही म्हणायलेत?

नमस्कार मंडळी, मी खानापूर तालुक्यातला. आमचे आजोबा मराठा पलटणीत होते, दुसऱ्या महायुद्धात सीरियाकडं होते, तिथनं आणलेलं एक चांदीचं नाणं आज्जीच्या देव्हाऱ्यात होतं. एका बाजूला सिंहाचं कातडं डोक्यावर घेतलेला माणूस, दुसऱ्या बाजूला सिंहासनावर बसलेला देव, हातावर पक्षी. त्याच्यासमोर ए आणि आडवा पडलेला एम, त्याखाली आय एच. शिवाय एका छोट्या खोलगट चौकोनात नांगर, शेतातला नव्हे, जहाजाचा. सराफाकडं वजन केलं तर 16.6 ग्रॅम भरलं. एकजण म्हणाला हे अलेक्झांडर मेल्यावरचं, म्हणजे डुप्लिकेट. खरं काय ओ?

निपाणीकर
अलेक्झांडर इ.स.पू. 323 ला गेला. नंतरचं असेल तर त्याचं कसं म्हणायचं? नकलीच धरा.

शहापूरचा सराफ
निपाणीकर, असं नसतंय. शिवराई बघा की, महाराज गेल्यावर पेशवाईतही ‘श्री राजा शिव छत्रपति’ याच नावानं पाडत होते, तिला कोण नकली म्हणतंय का? लोकांचा त्या नावावर विश्वास होता, तसंच हे. अलेक्झांडरच्या मागं कितीतरी ग्रीक शहरांनी आपापल्या टाकसाळीत त्याच्याच नावाची चार द्राख्माची (द्राख्मा म्हणजे ग्रीकांचं चलन) नाणी पाडली, कारण व्यापारी आणि भाडोत्री सैनिक ती बिनबोभाट घेत होते. मूळ वजन 17.2 ग्रॅमच्या आसपास, म्हणजे आपल्या जुन्या, 11.66 ग्रॅमच्या तोळ्यानं दीड तोळ्याला जरा कमी.

आता तुमची अक्षरं. तो आडवा एम म्हणजे ग्रीक सिग्मा, आणि ‘ए-सिग्मा’ म्हणजे आस्पेन्डोस, आत्ताच्या तुर्कस्तानात अंतल्याजवळचं गाव. खालचं आय एच हा आकडा आहे, 18. या शहरानं इ.स.पू. 212 च्या सुमारास वर्षं मोजायला सुरुवात केली, म्हणजे तुमचं नाणं इ.स.पू. 195 च्या आसपासचं. डोक्यावर सिंहाचं कातडं तो ग्रीकांचा वीर हेराक्लीस, बसलेला त्यांच्या देवांचा राजा झ्यूस, पक्षी गरुड. आणि नांगर सगळ्यात भारी! तो सेल्युकिड राजांचा, म्हणजे अलेक्झांडरच्या मागं सीरियाकडं राज्य करणाऱ्या ग्रीक घराण्याचा शिक्का, परक्या शहराचं नाणं आपल्या राज्यात चालावं म्हणून नंतर मारलेला. अशी नाणी सीरियात सापडतात, त्यामुळं आजोबांची हकीकत बरोबर जुळतेय. हे वाचून मला खरंच आनंद झाला बघा.

तरी एकदा भिंगातनं कड तपासा. गोल फिरून जाणारी बारीक रेघ किंवा वर टाचणीएवढे बुडबुडे दिसले तर ते ओतीव, ठशानं पाडलेलं नव्हे, मग शंका घ्यायला पाहिजे. आणि कृपा करून पॉलिश करू नका, प्लास्टिकच्या पाकिटातही ठेवू नका, साधा कागद चालतोय.

प्रश्नकर्ता
सराफकाका, लई धन्यवाद. कड बघितली, रेघ नाही, एका ठिकाणी ठोकल्यासारखी चीर आहे. पण आज्जी दर दसऱ्याला देवांच्या भांड्यांबरोबर हेपण चिंच लावून घासत होती. म्हणून वजन कमी भरलंय काय?

शहापूरचा सराफ
थोडं त्यानं, थोडं चलनात फिरून. चीर असू दे, ठोकताना चांदी फाटते, मला तर ती चांगली खूण वाटतेय. फक्त आता चिंच नको. आणि कोण परदेशात पाठवून विकतो म्हणाला तर ऐकू नका, पुरातन वस्तूंच्या 1972 च्या कायद्यानं ते चालत नाही. येत्या रविवारी दुकानात घेऊन या, मलापण हातात धरून बघायचंय.

निपाणीकर
मी चुकलो होतो दादा. तो नांगराचा फोटो जवळनं काढून टाका की इथं.