खुनी बरोबर, हेतू चूक : तुमचे अनुभव लिहा

कडक_भाकरी

आम्ही सहा जण महिन्यातून एका रविवारी सोलापुरात पार्क चौकाजवळ एका मित्राच्या दुकानाच्या माळ्यावर जमतो. एक जण रहस्यकथा मोठ्यानं वाचतो, शेवटचं प्रकरण सोडून. मग चहा. मग प्रत्येकानं चिठ्ठीवर दोन ओळी लिहायच्या : खुनी कोण, आणि का केला. चिठ्ठ्या डब्यात पडल्या की शेवटचं प्रकरण. ज्याचं बरोबर, त्याची भजी बाकीच्यांच्या खर्चानं.

गेल्या खेपेला सहा चिठ्ठ्यांत पाच वेगवेगळे खुनी निघाले. एकाचाच बरोबर आला, पण त्यानं कारण लिहिलं होतं ‘जमिनीचा वाद’, आणि कथेत निघाली वीस वर्षांपूर्वीची बदनामी. आता हा जिंकला का? तो म्हणतो, खुनी धरला, विषय संपला. बाकीचे म्हणतात, डोळे मिटून बोट ठेवलं तरी सहातल्या एकाचं लागतंच. भज्यांचं बिल अजून गाडीवाल्याच्या वहीत आहे.

म्हणून विचारतोय. खुनी तुम्हाला कसा सापडला, किंवा कसे तोंडावर आपटलात, ते लिहा. एकच अट : पुस्तकाचं नाव घेऊ नका. ज्यानं वाचलं नाही त्याच्या ताटात माती कशाला कालवायची.

शेंगाचटणी

मी सातवीत होते. नव्या पेठेत पुस्तकं भाड्यानं देणारं एक दुकान होतं, दिवसाला पन्नास पैसे. तिथून आणलेल्या एका पुस्तकात तेविसाव्या पानावर ‘दिवाणजी’ या शब्दाखाली निळ्या बॉलपेननं जाड रेघ, आणि समासात ‘हाच!’ डोक्यात तिडीकच गेली. पन्नास पैसे पाण्यात.

तरी वाचत राहिले. आणि काय सांगू, दिवाणजींनी चष्मा पुसला तरी संशय, खोकला तरी संशय. पुरावे तर इतके दिसायला लागले की लेखकालाही माहीत नसतील. शेवटी खुनी निघाली थोरली वहिनी. आणि शेवटच्या पानावर त्याच निळ्या शाईत : ‘कसं फसवलं.’ त्याखाली तीन वेगवेगळ्या अक्षरांत शिव्या. चौथी मी लिहिली, पेन्सिलीनं, कारण खातं वडिलांच्या नावावर होतं.

लेखकसुद्धा हेच करतो की. फक्त रेघ दिसू देत नाही.

हुग्गी

मालिकेत असेल तर सोपंय. नावाजलेला नट आणि काम दोन मिनिटांचं, तोच खुनी. एवढे पैसे देऊन त्याला नुसता चहा प्यायला कोण बोलावतंय?

मागवाला

का बे, सगळे पुस्तकीच बोलालेत. मी सांगतो.

मी अशोक चौकाच्या पलीकडं राहतो. चाळीस वर्षं मागावर काढलो, टॉवेलच्या कारखान्यात. एका दिवाळी अंकात कथा आलती, आपल्या सोलापुरातलीच. कारखान्याच्या भिंतीला भिंत लागून घर, तिथं रात्री अकराला खून. शेजारीण पोलिसाला सांगते, ‘किंकाळी ऐकून मी दचकून जागी झाले.’

तिथंच मी अंक खाली ठेवलो. माग चालू असले की शेजारी बसलेल्या माणसाचं बोलणं कळत नाही, शेडमध्ये आम्ही हातवारे करून बोलतो. त्या खडाक खडाकवर आमच्या गल्लीतली लेकरं गाढ झोपतात. जाग कधी येते माहितंय? लाइट जाऊन माग बंद पडले की. अख्खी गल्ली उठून बसते, ‘काय झालं, काय झालं.’ मग ही बाई किंकाळीनं कशी उठली?

बायकोला म्हणलो, हीच खुनी, लिहून घे. ती विडी वळत बसलेली, मांडीवर सूप, हातात कात्री. पत्र्याचा माप पानावर ठेवून पान कापत, वर न बघता म्हणाली, “खोटं बोलाली म्हणून काय खून केली का? घरातच नसंल ती.”

तेच निघालं. बाई त्या रात्री घरात नव्हतीच. कुठं होती ते सांगायची चोरी, म्हणून ‘झोपले होते, किंकाळीनं उठले’ असं रचून सांगितलं. खुनी दुसराच. खोटं मी पकडलो, पण खोटं कशासाठी ते बायकोनं पकडलं. भजी तिला.

गोळ्यांची_पेटी

मला खुनी सापडत नाही आणि त्याला माझा धंदा कारणीभूत आहे. तीस वर्षं डॉक्टरकी केल्यावर माणूस कथेतलं प्रेतही तपासायला लागतो.

होटगी रोडवरचा बंगला, मे महिना. मालक मेल्याला दीड दिवस झालाय आणि इन्स्पेक्टर सांगतोय, ‘बॉडी अजून लाकडासारखी ताठ आहे.’ मी थांबलो. मेल्यानंतर अंग ताठरतं ते साधारण दोन-तीन तासांत पापण्या आणि जबड्यापासून सुरू होतं आणि बाराएक तासांत पायांपर्यंत पोचतं. थंड देशात तो ताठरपणा दोन-दोन दिवस टिकतो. पण उष्म्यात तो लवकर येतो आणि लवकर उतरतो. सोलापूरचा मे, पारा त्रेचाळीसवर, बंद खोली, आणि छत्तीस तासांनी प्रेत लाकडासारखं? अशक्य. म्हणजे प्रेत गारव्यात ठेवलेलं होतं! गारवा कुणाकडे? मेव्हण्याचा बर्फाचा कारखाना पान अकरावर येऊन गेलेला. काय आनंद झाला म्हणून सांगू. रात्री साडेबाराला बायकोला उठवून सांगितलं.

खुनी माळी होता. लेखकानं कुठल्यातरी परदेशी कथेतले तास जसेच्या तसे उचलून होटगी रोडवर आणून ठेवले होते. बर्फाचा कारखाना नुसता मेव्हणा श्रीमंत आहे हे सांगायला होता. त्या गरीब माणसाची मी मनातल्या मनात माफी मागितली.

सायनाइडचंही तेच. गुप्तहेर ग्लास नाकाशी नेतो आणि म्हणतो, कडू बदाम! तो वास बऱ्याच लोकांना जन्मतःच येत नाही. अशा नाकाचा एखादा गुप्तहेर मला एकदा वाचायचाय.

कुर्डुवाडी_जंक्शन

रेल्वेत होतो, म्हणून गाडीतला बनाव मला बरोबर दिसतो. आरोपी म्हणतो, ‘खून झाला तेव्हा मी सिद्धेश्वर एक्स्प्रेसमध्ये होतो, टीसीनं तिकीट बघितलंय.’ बघितलं असेल, पण सोलापूर सुटल्या सुटल्या. कुर्डुवाडीला उतरून मिळेल त्या गाडीनं परत यायला रात्र मोठी आहे. मी टीसीला नाही विचारणार. पहाटे कल्याणला सामान काढणाऱ्या समोरच्या बर्थवाल्याला विचारणार, खालचा माणूस घोरत होता का? घोरणं कुणी विसरत नाही. लेखकानंही हेच केलं होतं, म्हणून मी त्याला मानलं.

काळा_कोट

हेतूबद्दल मी जरा लांबण लावणार, सवय आहे.

एक कथा अशी. विधुर काका, गडगंज, सगळं स्वतः कमावलेलं. दोन मुली, दोघींची लग्नं झालेली. घरात लहानपणापासून वाढवलेला पुतण्या. काकांचा खून होतो आणि सगळे पुतण्यावर घसरतात : इस्टेटीसाठी केला! मी म्हटलं, अरे, पण मिळणार कशी? १९५६च्या हिंदू वारसा कायद्यात मुलगी पहिल्या वर्गाची वारस आहे, लग्न झालेलं असो नसो. दोन मुली हयात असताना पुतण्याच्या हाती दमडी लागत नाही. मृत्युपत्र असेल तरच. आणि त्याला दोन साक्षीदार लागतात, नोंदणीची सक्ती नाही, त्यामुळे ते कुठल्याही कपाटातून निघू शकतं. पण या कथेत मृत्युपत्राचं नावही नव्हतं. शिवाय त्याच कायद्याचं पंचविसावं कलम : ज्यानं खून केला किंवा खुनाला मदत केली, त्याला मेलेल्याचा वारसाच मिळत नाही. म्हणजे पकडला गेला तर फासही आणि हातही रिकामे.

मी चिठ्ठीवर ठणकावून लिहिलं, ‘धाकटा जावई.’ फायदा त्याच्या घरात जात होता.

खून पुतण्यानंच केला होता. इस्टेटीसाठीच. त्याला वाटत होतं, काकांनी मुलासारखं वाढवलं म्हणजे दत्तकच घेतलं. कागद नाही, विधी नाही, कुणी कधी सांगितलंही नाही. मधल्या एका प्रकरणात तो कारकुनाला म्हणतो, “मी घरचाच की.” ते वाक्य मी वाचलं आणि पुढे गेलो. मिळकत कुणाला जाते ते मी काढत बसलो. आपल्याला मिळणार असं कुणाला वाटत होतं, ते काढायचं होतं.

पुतण्याला कायद्याचं कलम माहीत नव्हतं, मला तेवढंच माहीत होतं. दोघंही अडकलो.

आता भज्यांबद्दल. खून होताना पाहणारा साक्षीदार भरवशाचा असेल तर हेतू सिद्ध झाला नाही म्हणून खटला पडत नाही. नुसता परिस्थितीजन्य पुरावा असेल, तर मात्र हेतूला वजन येतं आणि समोरचा वकील त्या चुकलेल्या हेतूवर अर्धा दिवस बोलतो. माळ्यावर जमणाऱ्या सहांपैकी कुणी खून होताना पाहिलेला नाही, असं मी गृहीत धरतो.

जुना_वाचक

हिराचंद नेमचंद वाचनालयात दुपारी पंख्याखाली बसून वाचणाऱ्यांपैकी मी एक. रोनाल्ड नॉक्स नावाच्या इंग्लंडमधल्या धर्मगुरूनं १९२९मध्ये रहस्यकथेचे दहा नियम घालून दिले, तो स्वतःही अशा कथा लिहायचा. त्यातला पहिला नियम माझ्या कामाचा : खुनी कथेच्या सुरुवातीच्या भागातच येऊन गेलेला असला पाहिजे. म्हणून मी एक तृतीयांश पुस्तक झालं की तिथं एसटीचं तिकीट घालतो. त्यानंतर आलेल्या माणसावर संशय घ्यायचा नाही, तो कितीही दात-ओठ खात येऊ दे. आणखी एक नियम असा की जुळे भाऊ आधी सुचवल्याशिवाय आणायचे नाहीत. आपल्याकडच्या किती लेखकांनी हा वाचलाय, यावर मी बोलत नाही.

हेतू मात्र मला आजवर तीनदाच बरोबर आलाय. तिन्ही वेळा कारण एकच होतं, भाऊबंदकी.

जुळे_सोलापूर_मावशी

वाचणाऱ्यांचं झालं, आता लिहिणारीचं ऐका. मी शंभर पानी वहीत एक रहस्यकथा लिहिली होती, सुटीत बहिणीची दोन मुलं पुण्याहून येतात त्यांच्यासाठी. शेवटचं पान पाकिटात बंद, पाकिटाला डिंक.

कथा अशी की घरमालक सकाळी गच्चीवर टाकीजवळ मरून पडलेला. संशयित चार : तळमजल्यावरचा शिंपी, वरचा बँकेतला कारकून, त्याची बायको आणि मालकाचा पुतण्या. कारकुनाचा जबाब : ‘बुधवारी पहाटे टाकी भरून वाहायला लागली, पाणी जिन्यातून खाली आलं, म्हणून मी वर गेलो तर हे पडलेले.’ जिना ओला असल्याचं सगळ्यांनीच पाहिलेलं. आणि पहिल्याच पानावर, कारकुनाची बायको भाकरी थापत असताना, मी अर्धी ओळ टाकून ठेवली होती : ‘सोमवारी पाणी येऊन गेलं होतं.’

पुण्याची दोघं मोठी, तेरा आणि पंधरा वर्षांची. एकानं शिंप्याला धरलं, कात्री असते म्हणून. दुसरीनं पुतण्याला. शेजारचा आठ वर्षांचा पोरगा कडक भाकरीचा तुकडा चघळत ऐकत होता. तो म्हणाला, “मावशी, तो कारकून खोटं बोलतोय. सोमवारी पाणी आलं तर बुधवारी टाकी कशी वाहील? चार दिवस पुरवायचं असतंय की. जिन्यात पाणी त्यानंच ओतलं, रक्त धुवायला.”

मी गप्प. तंतोतंत. पुण्याची दोघं बघत राहिली, त्यांच्या घरी रोज पाणी, त्यांना ती ओळ दिसलीच नव्हती.

मग मी विचारलं, का मारलं त्यानं? पाकिटात लिहिलं होतं की कारकुनानं बँकेत अफरातफर केली आणि मालकाला ती कळली. पोरगा म्हणाला, “मालक खालचा व्हॉल्व्ह फिरवून सगळं पाणी स्वतःच्या टाकीत घेत असणार. कारकुनाच्या बायकोला रात्री अडीचला उठून खाली बादल्या भराव्या लागत असतील.”

पुण्याची म्हणाली, “पाण्यावरून कुणी खून करतं का?” पोरानं तिच्याकडं असं बघितलं, जणू तिला दोनाचा पाढा येत नाही.

रात्री सगळी झोपल्यावर मी पाकीट फोडलं, अफरातफरीचं पान फाडलं आणि व्हॉल्व्हचं लिहून नवीन पाकिटात घातलं. पहिल्या पानावरच्या त्या भाकरी थापणाऱ्या बाईचे डोळे मी आधीच ‘जागरणानं तांबारलेले’ लिहिले होते. का लिहिले होते ते मला तेव्हा कळलं. सकाळी सगळ्यांसमोर पाकीट उघडलं, पोरगा जिंकला. त्याला अजून खरं सांगितलेलं नाही.

तेव्हा कडक_भाकरी, तुमच्या मित्राला भजी द्या. त्याचाच हेतू चुकला असं कशावरून? लेखकाचाही चुकतो.

कडक_भाकरी

बिल मी भरतो. मावशी, पुढच्या रविवारी वही मिळेल का? शेवटची दोन्ही पानं हवीत, जुनं आणि नवं.

जुळे_सोलापूर_मावशी

वही देते. जुनं पान मात्र चिवड्याच्या डब्यात तळाला घातलं होतं, तेल पिऊन बसलंय. ‘अफरातफर’ तेवढं वाचता येतं.