स्प्लेंडर २००१: हँडल डावीकडे वळवलं की फ्यूज उडतो, खड्ड्यात गाडी बंद पडते

मळेवाला_विटा

नमस्कार मंडळी. वडिलांची २००१ सालची स्प्लेंडर आहे. विट्याहून मळ्यापर्यंत रोज तीच. डेअरीला दूध घालायचं असो नाहीतर खताचं पोतं आणायचं असो, दुसरी गाडी नाही. इंजिन अजून एका किकमध्ये चालू होतं, त्यामुळे विकायचा विषयच नाही. पण या पावसाळ्यापासून वायरिंगने वैताग आणलाय.

किल्ली चालू ठेवून हँडल पूर्ण डावीकडे वळवलं की अधूनमधून फ्यूज उडतो. मग हॉर्न, इंडिकेटर, ब्रेक लाइट आणि न्यूट्रलचा हिरवा दिवा बंद. हेडलाइट आणि मागचा लाल दिवा मात्र लागतात, गाडीही पळते. उजवीकडे वळवलं तर काही होत नाही.

दुसरं दुखणं मला वेगळं वाटतंय. मळ्याच्या खडकाळ वाटेवर गाडी मधेच एकदम बंद पडते आणि गिअरमध्ये तशीच पुढे सरकत असताना पुन्हा धरते. फ्यूज शाबूत असतानाही हे होतं.

मेकॅनिकचं म्हणणं, सीडीआय (स्पार्क पाडणारा इलेक्ट्रॉनिक डबा) गेलाय आणि वायरिंग किट अख्खं बदला. तोवर चालवा म्हणून त्यांनी फ्यूजच्या जागी तांब्याची तार गुंडाळून दिली होती, ती मी घरी आल्यावर काढून टाकली. गेल्या वर्षी कोनसेट (हँडलच्या मानेतलं बेअरिंग) बदलला होता, एवढंच काय ते मोठं काम झालंय. मल्टीमीटर आहे, व्होल्ट बघण्यापुरता वापरता येतो. खर्च करण्याआधी काय काय तपासू?

आरएक्स_प्रेमी

जुन्या गाड्यांचं असंच असतं भावा. १५ अँपिअरचा फ्यूज टाक, उडायचा थांबेल. नाहीच थांबला तर किट बदल, किती दिवस शोधत बसणार.

डेपोवाले_काका

मळेवाला, तांब्याची तार काढलीस हे फार बरं केलंस. १५ चा फ्यूजही अजिबात टाकू नकोस. होल्डरवर जो आकडा आहे तोच. शॉर्ट तसाच राहिला आणि फ्यूज जाड झाला, तर मधली वायर तापते आणि तिच्या शेजारच्या सगळ्या वायरींची प्लास्टिकं वितळून एकमेकांना चिकटतात. तीही पेट्रोलच्या टाकीखाली. आज एका जागी असलेला दोष मग पूर्ण वायरिंगभर होतो, आणि तेव्हा किट खरंच बदलावं लागतं. माझी सगळी नोकरी एसटीच्या डेपोत वायरिंगवर गेली. जळालेली वायरिंग उघडली की बहुतेक वेळा मुळाशी कुणीतरी बसवलेली अशीच एखादी तार निघायची.

आता तुझी गाडी. तू जे लिहिलंयस त्यातच निम्मं उत्तर आहे. या स्प्लेंडरमध्ये दोन वेगळे संसार आहेत. हेडलाइट, मागचा दिवा आणि मीटरचा दिवा थेट मॅग्नेटोच्या (इंजिनसोबत फिरून वीज बनवणाऱ्या भागाच्या) लाइटिंग कॉइलवर चालतात, पिवळ्या वायरीने. त्यांचा बॅटरीशी आणि फ्यूजशी संबंध नाही. स्पार्कसाठी मॅग्नेटोतच वेगळी कॉइल आहे, ती सीडीआयला करंट देते, म्हणून बॅटरी मेली तरी गाडी चालते. बॅटरीवर आहेत ते हॉर्न, इंडिकेटर, ब्रेक लाइट आणि न्यूट्रल. तुझे नेमके हेच बंद पडतात. म्हणजे शॉर्ट बॅटरीच्या बाजूला आहे, मॅग्नेटो आणि हेडलाइटकडे बघायचं कारण नाही.

बॅटरीच्या बाजूला दोन मुख्य वायरी. लाल वायर फ्यूजमधून किल्लीच्या स्विचपर्यंत जाते, तिच्यात कायम करंट असतो. काळी वायर स्विचमधून परत येते, ती किल्ली चालू केल्यावरच जिवंत होते. किल्ली बंद ठेवून हँडल डावीकडे वळव. तेव्हाही फ्यूज उडाला तर लाल वायर सोलली आहे. फक्त किल्ली चालू असतानाच उडत असेल तर काळी. तुझ्या वर्णनावरून मला काळीच वाटते, पण करून बघ.

उडालेला फ्यूज फेकू नकोस, काच उजेडात धरून बघ. आतून काळी किंवा चंदेरी धूर बसल्यासारखी झाली असेल तर थेट शॉर्ट. काच स्वच्छ आणि तार मधेच नुसती तुटलेली असेल तर लोड जास्त होऊन हळूहळू गेला.

शोधताना फ्यूज जाळत बसू नकोस. १२ व्होल्ट २१ वॅटचा एक बल्ब आण, त्याला दोन वायरी सोल्डर कर आणि फ्यूज काढून त्याच्या जागी दोन क्लिपांना त्या जोड. आता शॉर्ट झाला तरी बल्बमधून पावणेदोन अँपिअरच्या वर करंट जाणार नाही, काही जळणार नाही, आणि शॉर्ट असेल त्या क्षणी बल्ब पूर्ण पेटेल. किल्ली चालू कर, गाडी न्यूट्रलला ठेव, ब्रेक दाबू नकोस. बल्ब लागता कामा नये. न्यूट्रलचा दिवा इतका कमी करंट घेतो की या बल्बवर तो जाणवतही नाही. मग हँडल सावकाश डावीकडे ने. बल्ब भपकन पेटला की हँडल तिथेच धरून दुसऱ्याला वायरिंग हलवायला सांग: आधी डूमच्या (हेडलाइटच्या घराच्या) मागे, मग हँडलच्या मानेपाशी, मग टाकीच्या पुढच्या टोकाखाली. हात लावल्यावर बल्ब विझला की जागा सापडली. इंडिकेटर लावलास तर बल्ब मध्यम लागेल, इंडिकेटर नीट फ्लॅश होणार नाहीत. तो दोष नाही, घाबरू नकोस.

दुसऱ्या दुखण्याला तू वेगळं म्हणतोयस, मला नाही वाटत तसं. स्विचकडे आणखी एक वायर जाते, काळी आणि तिच्यावर पांढरा पट्टा. किल्ली बंद केली की स्विच ही वायर हिरव्या, म्हणजे अर्थच्या (चेसीला जोडलेल्या) वायरीला जोडतो आणि सीडीआयचा स्पार्क थांबतो. गाडी बंद करायची पद्धतच ती आहे. हीच वायर चेसीला घासून उघडी पडली असेल, तर खड्ड्यात ती क्षणभर चेसीला टेकते आणि गाडीला वाटतं किल्ली बंद केली. फ्यूज उडत नाही, कारण तिच्यात बॅटरीचा करंटच नसतो. आणि ती काळ्या वायरीच्याच जुडग्यात, शेजारून जाते.

तपासायला सोपं आहे. सीडीआयचा कपलर (वायरींचा जोड) काढ, मल्टीमीटर बीपवर ठेव, एक टोक कपलरच्या काळ्या-पांढऱ्या वायरीला, दुसरं चेसीच्या उघड्या लोखंडाला. किल्ली बंद असताना बीप यायलाच हवा. किल्ली चालू केली की बीप थांबला पाहिजे. मग हँडल डावी-उजवीकडे फिरव, वायरिंग हलव. किल्ली चालू असून बीप आला, तर दोष या वायरीत आहे, सीडीआयवर संशय घ्यायचं कारण नाही. तो आधी विकत घेऊ नकोस.

कोनसेट बदलल्याचं तू सहज लिहिलंस, पण मला त्यातच कारण दिसतंय. कोनसेटसाठी हँडल, डूम, टी (पुढचे शॉक धरणारा तुकडा) सगळं सुटतं. परत बसवताना वायरिंग मूळच्या वाटेने गेलं नाही, तर ते टी आणि चेसीच्या मध्ये चेपतं.

रत्नांग्रीचा_बाळू

काकांनी सांगितलंय तिथेच असणार. एक जोडतो. आमच्याकडे खारा वारा, त्यामुळे शॉर्टपेक्षा अर्थचा त्रास जास्त. टाकी काढणारच आहेस तर हिरव्या वायरीचं थिंबल (टोकाची कडी) जिथे चेसीला बोल्टने बसतं ते सोडवून बघ. तांब्यावर हिरवट पूड दिसली तर पॉलिश पेपरने थिंबल आणि चेसी दोन्ही चकचकीत कर, वर थोडं ग्रीस. मीटर २० व्होल्ट डीसीवर, एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हला, एक चेसीला, आणि हॉर्न दाब. ०.२ व्होल्टच्या आत आलं पाहिजे. आमच्या एका गाडीत व्होल्टभर यायचं. रेग्युलेटरचीही (व्होल्टेज आवरणाऱ्या डब्याची) अर्थ तीच हिरवी, ती खराब झाली की हेडलाइटचे बल्ब रेस केल्यावर उडत राहतात आणि लोक बल्बला नावं ठेवतात.

मळेवाला_विटा

काका, खूप आभार. किल्ली बंद असताना हँडल कितीही फिरवलं तरी टेस्टचा बल्ब लागला नाही. चालू केल्यावर डावीकडे शेवटच्या बोटभर अंतरात पेटला, लख्ख. उडालेल्या फ्यूजची काच आतून काळी होती. सीडीआयच्या कपलरवर मात्र किल्ली चालू असताना बीप येत नाहीये, हँडल कसंही वळवलं तरी. म्हणजे ती वायर चांगली?

डेपोवाले_काका

एवढ्यावर चांगली म्हणू नकोस. उभ्या गाडीत ती टेकत नसेल. काळी वायर नक्की झाली, तेव्हा आता उघडूनच बघ. आधी बॅटरीचं निगेटिव्ह काढ. पेट्रोलचा कॉक बंद कर, सीट काढ, टाकीचा मागचा बोल्ट सोड आणि टाकी मागे ओढून उचल. ती लांब ठेव, ओसरीच्या दुसऱ्या टोकाला. चेसीच्या पुढच्या टोकाला वायरिंग धरून ठेवणारी पत्र्याची पट्टी असते, तिच्याखाली बघ. वरून टेप धड दिसली तरी पट्टी उघड, दोष खालच्या अंगाला असतो.

मळेवाला_विटा

सापडलं! पट्टीच्या खालीच. वरून टेप अगदी नव्यासारखी, आणि खाली पत्र्याची कड थेट आत शिरलेली. काळ्या वायरीचं प्लास्टिक नखभर गेलंय, तांबं चेसीला टेकून काळं पडलंय. आणि तिच्या शेजारी काळी-पांढरी, तिचं जेमतेम टाचणीच्या डोक्याएवढं सोललंय. म्हणूनच फक्त धक्क्यात टेकत असणार. वडील शेजारी उभे होते, म्हणाले कोनसेटच्या आधी हे वायरिंग पट्टीच्या वरून होतं, आता पट्टी आणि चेसीच्या मधून चेपून गेलंय.

बाळूदादा, अर्थच्या थिंबलवरही पूड होती, साफ केलं. आता ०.१ च्या आसपास येतंय.

एक विचारायचं होतं. काळ्या वायरीचे काही धागे तुटलेत. नुसती टेप मारू की तुकडा कापून जोडू?

डेपोवाले_काका

शाब्बास. धागे तुटलेत तर टेप नको. तेवढा भाग कापून टाक. तांबं काळं पडलं असेल तर चकचकीत तांबं लागेपर्यंत दोन्हीकडे कापत जा, काळ्या तांब्यावर सोल्डर धरत नाही. मधे त्याच जाडीचा नवा तुकडा घाल. नुसतं जोडून ओढून बसवलंस तर वायर आखूड होईल आणि हँडल वळवताना जोडावरच ताण येईल. सोल्डर करण्याआधी गरम केल्यावर आवळणारी स्लीव्ह वायरीत ओवून ठेव, नंतर ती घालता येत नाही. काळ्या-पांढरीचे धागे शाबूत असतील तर तिला कापू नकोस, स्वच्छ करून नीट टेप पुरेल. दोन्ही वायरींची दुरुस्ती एकाच रेषेत येऊ देऊ नकोस, जोड थोडा मागेपुढे ठेव.

मग सगळं वायरिंग मूळच्या वाटेने पट्टीच्या वरून घे. पट्टीच्या कडेला सायकलच्या ट्यूबचा तुकडा चढव आणि प्लास्टिकच्या पट्टीने सैलसर बांध. बांधण्याआधी हँडल दोन्हीकडे पूर्ण वळवून बघ. शेवटच्या टोकाला वायरिंग तंग होत असेल तर मागून थोडं पुढे घे. टाकी बसवण्याआधी टेस्टचा बल्ब पुन्हा लाव, हँडल फिरव, मगच फ्यूज घाल. गाडी चालू करून रेस केल्यावर बॅटरीवर किती व्होल्ट येतात तेही लिही. साडेचौदापर्यंत ठीक. पंधराच्या वर गेलं तर रेग्युलेटर बघावा लागेल.

मळेवाला_विटा

काम झालं काका. टेस्टचा बल्ब कुठेच लागला नाही, फ्यूज घातला. रेसवर १४.२ येतंय. मळ्याच्या वाटेने दोन्ही वेळा दूध घालून आलो, गाडी एकदाही बंद पडली नाही. सीडीआय जुनाच आहे. वडिलांनी तो २१ वॅटचा बल्ब वायरीसकट टूलकिटमध्ये ठेवायला सांगितलाय. आमच्या चुलत्यांची स्प्लेंडरही याच वयाची आहे, तिचा हॉर्न पाऊस पडला की बसतो. रविवारी ती उघडतोय, काही अडलं तर इथेच विचारतो.

डेपोवाले_काका

विचार. पण उघडण्याआधी हॉर्न दाबून हॉर्नच्याच दोन टोकांवर व्होल्ट बघ. बारा येत असतील तर हॉर्न खराब, वायरिंगला हात लावू नकोस. कमी येत असतील तर हँडलच्या बटणापासून सुरू कर. पाणी आधी तिथेच शिरतं.