मदत हवी आहे: 'रायझिंग सन' आधी की 'मिशन गॅमा'?

'स्टार ट्रेक: डीप स्पेस नाइन' ही अंतराळस्थानकावरची टीव्ही मालिका १९९९ साली संपली, तिच्या पुढची कथा सांगणाऱ्या कादंबऱ्या वाचतोय. 'अवतार'चे दोन्ही भाग आणि 'अबिस' वाचून झाले. 'गेटवेज' या अनेक स्टार ट्रेक मालिकांच्या सामायिक कादंबरीमालेतली या स्थानकाची कादंबरी अर्ध्यावर तुटते, कारण तिचा शेवट 'व्हॉट ले बियाँड' या वेगळ्या पुस्तकात टाकलाय (वाचकाचा अंत पाहणं ते हेच!). तेही वाचलं. आता 'मिशन गॅमा'चे चार भाग समोर आहेत. प्रकाशनक्रमाने 'रायझिंग सन' त्यांच्यानंतर, 'युनिटी'च्या आधी येते. पण तिचं कथानक बरंच आधीच्या काळापासून सुरू होतं. मालिका पूर्ण पाहिलीय, तिच्यातलं काहीही सांगितलंत तरी चालेल. कादंबऱ्यांतलं मात्र फोडू नका. 'रायझिंग सन' आधी वाचली तर 'मिशन गॅमा'तलं एखादं रहस्य कळून जातं का?